बाबांच्या आजारपणावर मीम बनवतो म्हणून आत्या म्हणते, लाज वाटत नाही का?

पत्र थोडक्यात (नाव, गाव आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय) :

पत्र पाठवणारा २० वर्षांचा आहे, टी.वाय. बी.कॉम.ला. दोन वर्षांपूर्वी बाबांना ब्रेन स्ट्रोक झाला, शरीराची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. आता आधार दिला की बसतात, मऊ भात भरवला की खातात, पण तोंडातून एकच शब्द येतो, 'चावी'. पाणी हवं असलं तरी चावी, टीव्हीचा आवाज कमी कर म्हणायचं असलं तरी चावी. आई एका दुकानात कामाला जाते ती रात्री आठला येते, भावंड नाही, त्यामुळे दिवसभराची अंघोळ, डायपर, औषधं, व्यायाम हे सगळं याच्याकडे. वर्षभरापूर्वी रात्री झोप येईना म्हणून त्याने नाव न सांगता इन्स्टाग्रामवर मीम पेज सुरू केलं, घरात आजारी माणूस असलेल्या मुलांसाठी. ते चाललं. एका रीलला त्याने बाबांचा 'चावी, चावी' हा आवाज लावला, ती सगळ्यात जास्त चालली आणि आतेभावाने आवाज ओळखला. आत्याने फॅमिली ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकून लिहिलं, "जन्मदात्याची थट्टा करून लाइक मिळवतोस, लाज वाटत नाही का?" तेव्हापासून नवीन पोस्ट टाकणं थांबलंय. पण डीएम येतच आहेत. नववीतली एक मुलगी, जिची आई डायलिसिसवर आहे, ती रात्री एक वाजता मेसेज करते. एका मुलाने लिहिलंय, "आता जगण्यात काही राहिलं नाही भाई." आणि लकव्यावरचं तेल विकणाऱ्या एकाने पोस्ट टाकायचे पैसे देऊ केलेत. त्याचे प्रश्न दोन : पेज डिलीट करू का? आणि आजारी बापावर हसणारा मुलगा वाईट असतो का?

उत्तर :

अरे, दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते, कारण तुला खरा तोच खातोय असं पत्रावरून दिसतंय. नाही, वाईट नसतो. कुठल्याही मोठ्या सरकारी हॉस्पिटलात रात्री अकरानंतर वॉर्डाबाहेरच्या जिन्यात जाऊन बघ, चटया टाकून बसलेली माणसं एकमेकांचे डबे खात इतकी हसत असतात की नवीन माणसाला वाटेल यांचं इथे कोणी अॅडमिट आहे की नाही, आणि आतून "सात नंबर बेडचे नातेवाईक कोण?" असा आवाज आला की त्यातलंच एक माणूस चप्पल शोधत धावत सुटतं. दोन वर्षं वडिलांचं सगळं करणाऱ्या मुलाने रात्री फोनवर हसणं यात मला काहीही गैर वाटत नाही, आणि तुझ्यासारखी जी मुलं हे वाचतायत त्यांनाही हेच सांगते.

पण पहिल्या प्रश्नाला हो की नाही असं एका शब्दात उत्तर देता येत नाहीये. पत्र परत परत वाचलं तेव्हा वाटलं की हसावं की नाही, हा वाद आत्याने काढला आणि तूही तोच धरून बसलास, आणि त्या नादात दुसऱ्या दोन गोष्टी बाजूला पडल्या. एक म्हणजे त्या रीलमध्ये बाबांना न विचारता घेतलंय. आणि दुसरी म्हणजे तू खूप थकलायस. आता एकेक बघू.

रीलचं आधी. तू लिहिलंयस, "त्यांना तसंही काही कळत नाही, त्यामुळे त्यांना वाईट वाटायचा प्रश्नच नाही." आणि त्याच पत्रात दोन परिच्छेद खाली तूच लिहिलंयस की मॅच चालू असताना रिमोट घेतला तर बाबा चिडून चावी म्हणतात, आणि रात्री आई दार उघडून आत आली की तोच शब्द इतक्या हळू म्हणतात की आई रोज तिथेच दोन मिनिटं बसते, पर्ससुद्धा खाली ठेवत नाही. मग कळत नाही कसं म्हणतोस? मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक झाला की उजवा हात-पाय आणि बोलणं एकदम जातं असं बऱ्याच जणांचं होतं, असं बोलणं जाण्याला अफेजिया म्हणतात, आणि त्यात बोलता न येणं आणि न समजणं या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरने जो पेशंट तपासला आणि ज्याच्यावरून मेंदूतल्या बोलण्याच्या जागेचा शोध लागला, त्या माणसालाही फक्त 'तां' एवढंच म्हणता यायचं, बाकी त्याला बरंचसं कळत होतं. एकच शब्द शिल्लक राहणं हे डॉक्टरांच्या ओळखीचं आहे, आणि शब्द एक असला तरी सूर बदलून ती माणसं बरंच काही सांगत असतात. तुझे बाबा तेच करतायत.

म्हणून ती रील आजच आर्काइव्हला टाक. डिलीट नाही केलीस तरी चालेल, पण लोकांना दिसायला नको. आत्या ओरडली म्हणून नाही. ती चाललीच बाबांच्या आवाजावर, लोक हसले ते बाबांच्या न बोलता येण्याला हसले, आणि ज्याचा आवाज आहे त्याला विचारलं नव्हतं म्हणून. बाकीच्या पोस्ट तू लिंकसोबत पाठवल्या होत्यास, त्या मी बघितल्या, त्यातली एकही मला खटकली नाही. काळी पडलेली केळी, वर लिहिलंय 'रविवारी भेटायला आलेले : १४' आणि खाली 'सोमवारी डायपर बदलायला आलेले : ०'. यात बाबा कुठेही नाहीत, तुझा वैताग आहे, आणि तो तुझा स्वतःचा आहे, तो तू हवा तिथे मांड. माझ्यापुरती मी कसोटी अशी लावते की पोस्ट टाकायच्या आधी ती बाबांच्या शेजारी बसून त्यांना दाखवता येईल का. केळ्यांची येईल, मला तर वाटतं तेही हसतील. डायपर, नळी, पडलेली लाळ, रडणं, उघडं अंग याचे फोटो-व्हिडिओ कुठेच नकोत, चेहरा ब्लर करूनही नकोत आणि क्लोज फ्रेंड्समध्येही नकोत, स्क्रीनशॉट कुठूनही निघतो हे तुला आता कोणी सांगायला नको.

आणि बाबांना विचार ना एकदा. खरंच विचार. सकाळी नाश्त्यानंतर ते ताजे असतात तेव्हा, टीव्ही बंद करून, समोर बसून, डाव्या बाजूला फोन धरून रील दाखव आणि एका वेळी एकच छोटा प्रश्न विचार, ज्याचं उत्तर हो किंवा नाही येईल. कागदाच्या एका तुकड्यावर मोठा बरोबरचा टिक आणि दुसऱ्यावर फुली काढून दे, डाव्या हाताने बोट दाखवतील. आधी ज्यांची उत्तरं तुला माहीत आहेत असे दोन-चार प्रश्न विचारून बघ, आईचं नाव अमुक आहे का, आपण पुण्यात राहतो का वगैरे, म्हणजे हो-नाही नीट जमतंय का ते कळेल. मग मुद्द्याचं विचार, "ही रील ठेवू का?", आणि दुसऱ्या दिवशी तेच उलटं करून विचार, "ही काढून टाकू का?" दोन्ही दिवसांच्या उत्तरांचा अर्थ जुळला, म्हणजे एकदा हो आणि एकदा नाही आलं, तर ते उत्तर खरं धर. नाही जुळलं तर ते नाहीच समज. हो म्हणाले आणि पुढच्या महिन्यात नको म्हणाले तर तेही चालतं.

या निमित्ताने अजून एक. तुझ्या पत्रात फिजिओचा उल्लेख चार ठिकाणी आहे आणि स्पीच थेरपीचा एकदाही नाही. आपल्याकडे हे फार होतं, हात-पाय हलला पाहिजे याच्यामागे सगळं घर लागतं आणि बोलण्याचं 'येईल हळूहळू' म्हणून राहून जातं. दोन वर्षं झाली म्हणून दार बंद झालं असं नसतं, फरक हळू पडतो पण पडू शकतो, आणि बोलणं नाही आलं तरी चित्रं, कार्ड, खुणा वापरून सांगायचं कसं हे ते लोक शिकवतात. जवळच्या मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात स्पीच थेरपिस्ट आहे का विचार. मुंबईला वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची केंद्र सरकारची संस्था, तिथे फोन करून अफेजियाच्या पेशंटला घेऊन यायचं तर काय करावं लागेल हे विचारता येईल. 'चावी'ला दुसऱ्या चार शब्दांची सोबत मिळाली तर तुझाही दिवसभराचा अंदाज लावत बसण्याचा ताण किती कमी होईल बघ.

आता आत्या. तू म्हणतोस तिला सोशल मीडिया कळत नाही, जुन्या विचारांची आहे. असेलही. पण तिने ग्रुपवर दोन स्क्रीनशॉट टाकले होते असं तूच लिहिलंयस. एक त्या रीलचा, आणि दुसरा 'अमक्या गावच्या वैद्याचं तेल लाव, आमच्या शेजारचा उठून चालायला लागला' या मीमचा. हे वाक्य मूळ कोणाचं रे? आत्याचंच ना? म्हणजे धाकट्या भावाचा आवाज तिने अनोळखी लोकांच्या हसऱ्या इमोजींमध्ये ऐकला, आणि वर तिचं स्वतःचं वाक्य शेकडो लोक एकमेकांना टॅग करत हसतायत हेही तिने त्याच दिवशी बघितलं. तिने भाषा वापरली ती चुकीची वापरली, ग्रुपवर सगळ्यांसमोर 'लाज' हा शब्द काढायला नको होता, यात मी तुझ्या बाजूने आहे. पण तिला लागलंय हेही खरं आहे, आणि ती जेव्हा तेल सांगते तेव्हा तिला दुसरं काय करावं ते कळत नसतं. जी माणसं उपाय सांगत सुटतात त्यातल्या बऱ्याच जणांना कोणी कधी काम सांगितलेलंच नसतं. तिला काम सांग. त्याच्याकडे मी शेवटी येते.

आणि या सगळ्यात आई काय म्हणाली? पत्र तीन पानांचं आहे आणि त्यात आईचं एकही वाक्य नाही. ग्रुपवर तीही आहे. तिने ते वाचलंय हे तुला माहीत आहे आणि तिने विषय काढला नाही म्हणून तूही काढला नाहीस, असं मला दिसतंय. माझा अंदाज चुकीचा असू शकतो, पण मला नाही वाटत ती रागावलीये, मला वाटतं ती दिवसभर घरी नसते याचंच तिला वाईट वाटत असेल आणि तू रात्री जागून काय करतोस हे असं कळल्यावर तिला काय बोलावं सुचत नसेल. फोन तिच्या हातात दे आणि केळ्यांचं मीम दाखव. बाकीचं बोलणं आपोआप निघेल.

आता मला ज्याची खरी काळजी वाटली ते. तू लिहिलंयस, परवा भरवताना बाबांनी वाटी उडवली, भात सगळा गादीवर, तू एवढ्या जोरात ओरडलास की शेजारच्या काकू दारात आल्या, आणि त्याच रात्री तू त्यावर मीम बनवून मित्राला पाठवलंस आणि त्याचं उत्तर आलं, "सेम भाई." इथे मी थांबले. त्या 'सेम भाई'ची किंमत मी कमी करत नाहीये, आपल्यासारखं कोणालातरी होतंय हे कळणं ही मोठी गोष्ट आहे, तुझ्या वयाच्या ज्या मुलामुलींचे मित्र आत्ता ट्रिपला गोव्याला गेलेत त्यांना ही गोष्ट वर्गात कोणाशीच बोलता येत नाही, फोनवरच मिळते. पण दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता परत तीच वाटी, तोच भात आणि तू एकटाच. पेजने तुला सोबत दिली, सुट्टी दिली नाही. आणि तुला सुट्टीची गरज आहे. ओरडलास म्हणून तू वाईट मुलगा ठरत नाहीस, पण ओरडणं वाढलं, हात उचलावासा वाटला, झोप उडाली, जेवण जाईना झालं, तर तो थकवा हद्दीबाहेर गेल्याचा इशारा आहे, आणि तो मीममध्ये उतरवून संपत नाही. तसं कधी वाटलं तर बाबांना सुरक्षित बसवून पाच मिनिटं दाराबाहेर जाऊन उभा राहा. आणि टेली मानसच्या १४४१६ वर फोन कर, सरकारी आहे, फुकट आहे, २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं. फक्त मरणाचे विचार आले तरच फोन करायचा असं काही नाहीये, 'वडिलांचं करून करून कंटाळलोय' एवढं सांगायलाही करता येतो.

विनोदातून सुट्टी मिळाल्याचं एक उदाहरण मला माहीत आहे, ते सांगते. अमेरिकेतला विनोदी नट सेथ रोगन. त्याची बायको लॉरेन मिलर रोगन विशीत असताना तिच्या आईला अल्झायमर्सचं निदान झालं, आई तेव्हा ५५ वर्षांची. या दोघांनी २०१२ मध्ये 'हिलॅरिटी फॉर चॅरिटी' नावाचं काम सुरू केलं, कॉमेडीचे कार्यक्रम करायचे आणि पैसे गोळा करायचे. २०१४ मध्ये तो सिनेटच्या कमिटीपुढे साक्ष द्यायला गेला तेव्हाही त्याने जोक मारले आणि त्याच दमात सासूचं काय झालंय ते सरळ सांगितलं, आणि ते सगळं इंटरनेटवर प्रचंड फिरलं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. त्या पैशातून त्यांनी घरी आजारी माणसाचं करणाऱ्यांसाठी ऑनलाइन गट चालवले, आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्या घरी काही तास मदतनीस पाठवायला अनुदान दिलं. म्हणजे हसण्यातून शेवटी कोणाला तरी दुपारची झोप मिळाली. तू काय सेथ रोगन नाहीस आणि तुझ्यामागे हॉलिवूड नाही हे मला कळतंय, पण दिशा तीच ठेव. पोस्ट टाकताना विचार कर की यातून वाचणाऱ्याला हसून झाल्यावर हातात काय मिळेल.

तुझ्या पेजवर ते ऑलरेडी होतंय, तुला दिसलं नाहीये. रात्री गादी ओली होते त्या मीमखाली एका मुलीने लिहिलंय, प्लास्टिकवर सरळ झोपवू नका, घाम येतो, वर जुन्या सुती साडीची चार घडी घाला आणि रात्री कूस बदलायला मोबाइलवर अलार्म लावा. अजून एकाने लिहिलंय, भरवताना पाठीला उशा लावून नीट बसवा आणि जेवण झाल्यावर अर्धा तास तरी आडवं करू नका, नाहीतर ठसका लागतो. हे हॉस्पिटलमधून डिस्चार्ज देताना कोणीतरी घाईत सांगितलेलं असतं आणि घरी पोचेपर्यंत निम्मं विसरलेलं असतं. असल्या कमेंट्स पिन कर, हायलाइटमध्ये टाक. औषधांचे डोस, नळी घालणं-काढणं यावरच्या कमेंट्स मात्र ठेवू नकोस, त्या उडव आणि तिथे 'डॉक्टरांना विचारा' एवढंच लिही. दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड कसं काढायचं, स्ट्रोकने हात-पाय गेलेल्या माणसालाही ते तपासणीनंतर मिळू शकतं, ४० टक्के किंवा जास्त असेल तर बऱ्याच योजना लागू होतात, हे किती घरात माहीत नसतं. त्यावर एक मीम आणि खाली चार ओळी माहिती. मला हे खरंच आवडेल.

तेलवाल्याला नाही म्हण. इथे विचार करायचंही कारण नाही. १९५४ चा एक कायदा आहे, औषधांच्या आणि चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरचा, त्यात आजारांची यादी दिलीये ज्यांवर 'बरं करतो' अशी जाहिरात करायला मनाई आहे, आणि लकवा त्या यादीत आहे. पैशाची गरज तुला आहे हे मला माहीत आहे, पण तुझ्या पेजवरची मुलं तुझ्यावर विश्वास ठेवून घरातले पैसे त्या बाटल्यांवर घालतील.

आता डीएम, आणि इथे जरा कडक बोलते. तू लिहिलंयस, "मी रिप्लाय नाही दिला तर त्यांना कोण आहे?" तुझं मन चांगलं आहे म्हणून हे लिहिलंस, पण हे खरं नाही आणि ते खरं धरून चाललास तर तू कोसळशील. तू समुपदेशक नाहीस, तू वीस वर्षांचा मुलगा आहेस ज्याला सकाळी सहाला उठायचंय. रात्री दहानंतर इन्स्टाचा क्वाएट मोड लाव, मेसेज करणाऱ्याला आपोआप कळतं की तू आत्ता उत्तर देणार नाहीस. बायोमध्ये आणि पिन केलेल्या पोस्टमध्ये सरळ लिही की रात्री उत्तर मिळणार नाही, फारच वाईट वाटत असेल तर १४४१६, वय १८ च्या आत असेल तर चाइल्डलाइनचा १०९८, जिवाला धोका असेल तर ११२.

ज्या मुलाने लिहिलंय जगण्यात काही राहिलं नाही, त्याला आजच उत्तर दे, मीम नको, इमोजी नको. सरळ विचार, "तुझ्या मनात मरण्याचे विचार येतायत का?" असं विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर आत्ता घरात शेजारी कोण आहे ते विचार, त्या माणसाला सांगायला लाव, १४४१६ दे, आणि "मी कोणाला सांगणार नाही" असं वचन अजिबात देऊ नकोस. तो काही करायच्या बेतात आहे असं वाटलं तर ११२ ला फोन कर आणि जेवढी माहिती तुझ्याकडे आहे तेवढी सांग. आणि मग तुझ्या ओळखीच्या एखाद्या मोठ्या माणसाशी तूही बोल, असलं एकट्याने पोटात ठेवायचं नसतं.

नववीतल्या मुलीचं वेगळं आहे. तू वीसचा, ती चौदा-पंधराची, रात्री एक वाजता खाजगी चॅट, तुझ्या मनात काही नसलं तरी हे बरोबर नाही, तिच्यासाठीही आणि तुझ्यासाठीही. एखादी ताई, तुझ्या कॉलेजातली मॅडम किंवा पेजवरचीच एखादी मोठी समजूतदार मुलगी दुसरी अॅडमिन म्हणून घे आणि शाळेतल्या मुलांशी तिलाच बोलू दे. फोटो, पत्ता, फोन नंबर कोणाचाच मागायचा नाही. त्या मुलीला मात्र दोन-तीन गोष्टी नक्की कळव. आईचं डायलिसिस महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं, योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र म्हणून माणूस बसतो त्याला भेटायचं. दुसरं, राज्याची बालसंगोपन योजना आहे, पालकाला गंभीर आजार असला तरी मुलाला दरमहा अनुदान मिळू शकतं, अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करायचा, शिक्षक किंवा अंगणवाडी ताई मदत करू शकतात. आणि वर्गशिक्षिकेला घरी काय चाललंय ते सांग म्हणावं. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने घरच्या आजारी माणसाचं करणाऱ्या १८ च्या आतल्या मुलांना हक्क दिलाय की तिथल्या कौन्सिलने त्यांच्यावर घरी किती भार आहे ते तपासायचं, आणि २०२३ पासून शाळा त्यांची वेगळी नोंद करतात. आपल्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा धंदा विचारतात, घरी स्वयंपाक कोण करतं आणि आईला डायलिसिसला कोण नेतं हे विचारत नाहीत, त्यामुळे गृहपाठ का झाला नाही याचं उत्तर बाईंना माहीतच नसतं. सांगावं लागतं.

मग पेज? ठेव. माझं मत विचारतोस तर ठेव. पण आठवड्याला दोन पोस्ट, जास्त नाही, आणि रात्री अकराच्या आत. आणि पुढेमागे तूच कंटाळलास तर बंद कर, फॉलोअर्सचं काही देणं लागत नाहीस.

आता ते आत्याचं काम. आठवड्याचे सात दिवस एका कागदावर मांड, सकाळपासून रात्रीपर्यंत तू कुठल्या वेळी काय करतोस ते लिही, सुशोभित करू नकोस, जसं आहे तसं. त्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाक आणि खाली लिही : "आत्या, बाबांच्या आवाजाची रील काढली. त्यांना न विचारता टाकली ते चुकलं. तेलाच्या पोस्टचं तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी. बाकीचं पेज माझ्यासारख्या मुलांसाठी आहे, ते मी चालू ठेवतोय. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी बारा ते पाच मला कॉलेजला जायचंय, त्या वेळी बाबांजवळ कोणी बसू शकेल का? भरवायचं कसं ते मी दाखवतो." एवढंच. भांडण उकरू नकोस, कोण किती वेळा आलं याचा हिशोब काढू नकोस. कदाचित कोणीच उत्तर देणार नाही, कदाचित आत्या दर शुक्रवारी एसटीने येईल, मला माहीत नाही. आतेभावालाही थेट विचार, ज्याने आवाज ओळखला तो मामाला ओळखतो, रविवारी दोन तास मॅच बघत बसायला त्याला काय हरकत आहे. ब्युरोतून मदतनीस ठेवणं परवडत नसेल तर निदान आठवड्यातून एक दिवस नातेवाइकांनी वर्गणी काढावी, केळ्यांऐवजी. हे तू सांगितलंस तर त्यांना टोचेल, आईने किंवा घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाने सांगितलं तर बरं.

आणि टी.वाय.चा परीक्षा फॉर्म भरलास का, हे पत्रात कुठेच नाही. हजेरीचं काय होईल ते प्राचार्यांना डिस्चार्ज पेपर दाखवून आत्ताच बोल, शेवटच्या महिन्यात जाऊ नकोस, आणि अगदीच जमत नसेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून उरलेलं पूर्ण करता येईल का ते चौकशी करून ठेव. पण आधी फॉर्म भर, लेट फी लागली तरी भर.